लाल दोऱ्याची पानं

आई म्हणायची, "हिच्या पायाले भिंगरी हाय, अन् नोकरी भेटली वाट पाह्याची." खरंच होतं ते. मला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही. हे लिहितानासुद्धा दोनदा उठून अंगणात जाऊन आले. आणि जन्मभर नोकरी केली ती झाडांच्या रोगांची. बुरशी वाढायची वाट बघा, पानावर डाग पडायची वाट बघा, पाऊस थांबायची बघा, साहेब नागपूरहून परतायची बघा. त्यापलीकडे त्या नोकरीत फारसं काही नसतं.

संपादक म्हणाले, नोकरीतल्या आठवणी लिहा. बढत्या आणि बदल्या सांगत बसत नाही, त्यात कुणाला रस? एकच पावसाळा सांगते. तो अजून मला स्वस्थ बसू देत नाही.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते, आमच्या कार्यालयातले निम्मे शिक्के अजून जुन्याच जिल्ह्याचे होते. वडशाच्या अलीकडे, वैनगंगेपासून मैलभर आत, धानाचं एक लहानसं संशोधन केंद्र होतं. गावकरी त्याला 'फारम' म्हणत. मी तिथे संशोधन सहायक. बाबा माजरीच्या कोळसा खाणीत. आमच्या घरात छप्पन सालीच देव, नवस, अंगारे-धुपारे सगळं सुटलं होतं. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि खाली आमची पुस्तकं. शेतकीची पदवी घेणारी वस्तीतली मी पहिली मुलगी. त्यामुळे अंगात थोडी मस्ती होती, ते कबूल करते.

लोक मला 'झाडाची डागतरीन' म्हणायचे. एकदा एटापल्लीकडचे एक म्हातारे धानाचं एकच पान मोहाच्या पानात गुंडाळून घेऊन आले. अर्धी वाट पायी, अर्धी यष्टीने. उघडून पाहिलं तर आत नुसता भुगा.

"भाऊ, यात मी आता काय पाहू?"

"काऊन? मेल्यावरबी डागतर पाह्यतेच ना, कायनं मेला म्हनून?"

दुसरा एक दर हंगामात येऊन सुई मागायचा. फवारणी नको, पावडर नको, "बाई, वावराले एक सुई टोचून द्या ना बाप्पा, लेकराले टोचते तशी." मी त्याला हसून वाटेला लावायची. पुढच्याच वर्षी आमच्या साहेबांनी जे काढलं, ते जवळपास सुई टोचण्यासारखंच होतं.

साहेब आमच्या केंद्राचे प्रमुख. पश्चिमेकडचे, कमी बोलणारे, चहा गार करून पिणारे. ते कुठलीशी मासिकं मागवून वाचत. एक दिवस म्हणाले, "झाडाला आधी थोडा आजार देऊन पाहू."

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सोपं करून सांगते. आपल्या अंगात रक्त फिरतं आणि त्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी फिरतात. झाडात असा फिरता शिपाई नाही, प्रत्येक पान आपापल्या जागी. तरीही एका पानाला रोग झाला आणि त्या पानाने तो डागातच कोंडून धरला, तर काही दिवसांत त्या झाडाची बाकीची पानं सावध होतात. त्यांना रोगाने हातही लावलेला नसतो. पुढे तोच रोग आला, कधी कधी दुसराच आला, तरी ती लवकर बळी पडत नाहीत. आजारी पानातून काही रासायनिक द्रव्य निघतं आणि साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांतून झाडभर जातं. खबरच म्हणा ना. ती खबर नेमकी कोणत्या द्रव्याची, यावर तेव्हा मोठमोठ्या शास्त्रज्ञांत वाद चालू होता. पुढे ॲस्पिरिनच्या घराण्यातल्या एका आम्लाचं नाव निघालं, मग तोच निरोप्या की निरोप्या वेगळाच, यावरही वाद झाला. आम्हाला एवढंच बघायचं होतं, की हे आमच्या मातीत आणि आमच्या पावसात घडतं का.

धान उशिरा उत्तर देतं, काकडी लवकर देते. म्हणून धानाच्या केंद्रात काकडीच्या चार ओळी लागल्या. गावात हसू झालं. "सरकार आता रायतं करून राह्यलं का?" असं बांधावरून विचारून जायचे लोक.

रीत अशी. काकडीवरच्या करप्याची बुरशी काचेच्या बशीत वाढवायची. तिचे बीजाणू पाण्यात कालवून वेलाच्या फक्त एका खालच्या पानावर थेंब थेंब सोडायचे. ते पान रातभर ओल्या पिशवीत झाकायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा. काही वेलांवर नुसत्या पाण्याचे थेंब, त्यांना पांढरा दोरा. मग थांबायचं. आठवड्याने वरच्या पानांवर तोच करपा फवारायचा आणि डाग मोजायचे. लाल दोऱ्याच्या वेलांवर डाग कमी आले, तर खबर पोचली.

या चार ओळी सांभाळायला पार्बताबाई होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, शेजारच्याच गावची, नऊ वर्षं फारमात रोजंदारीवर. नवरा नव्हता, दोन मुली होत्या. शाळा पाहिलेली नाही, पण सूक्ष्मदर्शकात मला दिसायच्या आधी तिला बांधावरून रोग दिसायचा. "बाई, तिकून तिसऱ्या वाफ्यात काहीतरी चालू झालं," असं सांगायची आणि मी जाऊन पाहावं तर खरंच असायचं. त्या वर्षी रोजंदारीतल्या तिघांना कायम करायचं ठरलं होतं आणि साहेबांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. यादी पोळ्याच्या आठवड्यात नागपूरला द्यायची होती. पार्बताबाई त्या यादीबद्दल बोलायची नाही, पण त्या महिन्यात ती सकाळी माझ्या आधी हजर असायची.

आता माझी गोष्ट. बशीतली बुरशी वाढेपर्यंत झाकण उघडायचं नाही, हा पहिला धडा. माझ्याने राहवेना. सकाळी उघडून बघ, दुपारी बघ, संध्याकाळी घरी निघताना बघ. चौथ्या दिवशी निम्म्याहून जास्त बशांत हिरवी बुरशी धरली, शिळ्या भाकरीवर धरते तशी. सगळ्या ओळींना एकाच दिवशी टोचायचं, म्हणजे बुरशीचे थेंब सोडायचे होते, पण माल पुरेना. पहिली ओळ झाली, दुसरी दोन दिवसांनी. तिसरीला नव्याने बुरशी वाढवावी लागली आणि चौथी तर पोळ्याच्या दिवशी सकाळी उरकली. साहेबांना सांगितलं, "सर, लाईट जात होती, म्हणून माल खराब झाला." लाईट जातच होती, त्यामुळे त्यांना खरं वाटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशीच साहेब यादी घेऊन नागपूरला गेले होते. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणून सुट्टी. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याला आमच्याकडे दारात पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फांद्या, झाडलेला केर, आणि त्यांच्यासोबत घरातली सगळी दुखणी शिवेबाहेर नेऊन टाकतात, हीच मारबत. सगळा गाव ओरडत जातो, "ईडा-पीडा, रोगराई, खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!"

सुट्टी असूनही मी सकाळी सायकल काढून फारमात गेले. घरात बसून करणार काय? चौथ्या ओळीच्या पिशव्या काढायच्या होत्या, ते निमित्त. जाऊन बघते तर पिशव्या काढून, धुऊन, कुंपणावर वाळत टाकलेल्या. आणि वेलांवर एकही लाल दोरा नाही. चारही ओळींतली लाल दोऱ्याची पानं देठासकट तोडलेली. पांढऱ्या दोऱ्यांना हात लावलेला नव्हता.

तेवढ्यात पार्बताबाई शिवेकडून आली. अंघोळ केलेली, नवं लुगडं, हातात रिकामी टोपली.

"पानं कुठंयत?"

"नेली ना मारबतीसंगं." ती खुशीत होती. "सारा गाव आपापली रोगराई घिऊन जाऊन राह्यला होता. म्या म्हटलं, आपल्या फारमाची कोन नेईन?"

"कुणाला विचारून तोडलीस?"

मी तिला कधी एकेरी बोलले नव्हते. तिच्या ते लगेच लक्षात आलं.

"इचाराले कोन होतं इथी? लाल दोरा तुमीच बांधला ना बाई, बिमार पानाले? मी का बिगाडाले तोडली? रोग बाहीर काहाडला."

त्यावर मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. अडाणी म्हणाले, अंधश्रद्धाळू म्हणाले, आमच्या घरी हे खूळ कधीच सुटलं असं ऐकवलं. ती टोपली घेऊन तिथेच उभी राहिली.

मी दोन दिवस थांबले असते, निदान दुपारचं जेवून घेतलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण थांबणं माझ्या रक्तात नाही. त्याच पावली कार्यालयात गेले आणि उभ्या-उभ्याच कागद लिहिला, की अमुक कामगाराने विनापरवानगी पानं तोडून प्रयोग उद्ध्वस्त केला. साहेबांना आणायला जीप निघालीच होती. कागद ड्रायव्हरच्या हातात दिला. साहेबांना तो नागपुरात मिळाला, यादी द्यायच्या आधी. त्यांनी पार्बताबाईचं नाव खोडलं आणि यादी दिली.

साहेब परत आल्यावर म्हणाले, "प्रयोग मोडला तर मोडला. ओळी उपटून टाका." मी म्हटलं, बुरशी तयार आहे, वाया कशाला घालवायची, फवारून बघते. त्यात शास्त्र काहीच नव्हतं. रिकाम्या हातांनी बसवत नव्हतं, एवढंच. मारबतीनंतर चौथ्या दिवशी सगळ्या वेलांच्या वरच्या पानांवर मी करपा फवारला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. धुतलेल्या काचा पुन्हा धुतल्या. दिवसातून दहा वेळा ओळींकडे जाऊन आले. पार्बताबाई धानाच्या बांधीत निंदायला होती. नाव कटल्याचं तिला कळलं होतं. समोरून गेले की "नमस्कार बाई" म्हणायची आणि मान खाली घालून निंदत राहायची. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

सातव्या दिवशी डाग मोजायला बसले. चौथी ओळ करपलेली, पांढऱ्या दोऱ्याच्या वेलांइतकीच. तिसरी ओळ मिश्र. दुसऱ्या ओळीशी आले आणि मोजणं चुकतंय असं वाटून पुन्हा मोजलं. पानावर बारीक बारीक ठिपके, तेही थोडेच. पहिल्या ओळीत त्याहून कमी. त्याच ओळींतले पांढऱ्या दोऱ्याचे वेल मात्र डागांनी भरलेले.

मी बांधावर मटकन बसले. आयुष्यात पहिल्यांदा बराच वेळ बसले.

पहिल्या दोन ओळींतल्या आजारी पानांना मारबतीपर्यंत पाच ते सात दिवस मिळाले होते. तेवढ्यात खबर निघून गेली होती, मग पान तोडलं तरी फरक पडला नाही. चौथ्या ओळीतलं पान एका दिवसात तुटलं, खबर निघालीच नाही. आम्ही नुसतं 'घडतं का' हे बघणार होतो. इथे मात्र आजारी पानातून खबर बाहेर पडायला किती दिवस लागतात, तेच चार ओळींत मांडून ठेवलं होतं. पानं तोडली नसती तर हे दिसलंच नसतं. आणि मी बशा उघडून बघितल्या नसत्या, तर ओळी वेगवेगळ्या दिवशी टोचल्याच गेल्या नसत्या. दोन चुका झाल्या होत्या, एक तिची आणि एक माझी. कागद फक्त तिच्या चुकीचा झाला होता.

तशीच धावत साहेबांकडे गेले. त्यांनी आकडे दोनदा पाहिले, चहा तसाच ठेवून स्वतः ओळी बघून आले. मग खूश होऊन म्हणाले, "लिहा. छान लेख होईल."

"सर, पार्बताबाईचं नाव परत घाला ना यादीत."

"तुमच्याच कागदावरून खोडलंय. घालायचं तर लेखी कारण लागेल."

"तिच्यामुळे तर हे कळलं!"

"हे कारण होत नाही. कामगाराने मनाने पानं तोडली ती तोडलीच." मग म्हणाले, "पानं तुमच्या सांगण्यावरून तोडली होती आणि आधीचा कागद गैरसमजातून लिहिला गेला, असं तुम्ही दिलंत, तर होऊ शकेल. लेखातही तेच बरं दिसेल. मारबतीचं लिहिणार आहात का तुम्ही?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाट दाखवली आणि मला ती धावत घ्यायची होती. खरं सांगायचं तर दुसरीही एक वाट होती. माझ्या बशांचं सांगून टाकायचं, चूक दोघींची झाली असं लिहायचं, तिला जी शिक्षा ती मलाही द्या म्हणायचं. ती वाट मला दिसत होती. पण माझी नोकरी नवी होती, आणि लेखावर नाव येणार होतं.

दोन कागद केले. एक माझ्या सहीचा, दुसरा पार्बताबाईच्या अंगठ्याचा. ती हात धुऊन आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "वाचून दाखवा."

मी वाचलं. "मी बाईंच्या सांगण्यावरून लाल दोऱ्याची पाने तोडली."

"आखीन एकदा वाचा."

पुन्हा वाचलं.

"पन तुमी तं सांगतलंच नोयतं बाई."

"मला माहीत आहे, पार्बताबाई. पण असं लिहिलं तरच तुमचं नाव परत लागतं. तुम्ही कायम व्हाल."

"मनानं केलं म्हनून लिवलं तं नाई होत?"

"नाही होत."

ती बराच वेळ कागदाकडे बघत होती. अक्षर येत नसताना माणूस कागदात काय बघतो कोण जाणे. मग म्हणाली, "नऊ वर्सं झाले बाई. मी नाई इचारलं कोनाले, कोनतं रोप उपटू अन् कोनतं ठेवू. कधी चुकली का?"

"नाही चुकलात."

"अन् हेबी नाई चुकली म्हन्ता तुमी."

"नाही."

"मंग कागदावर माहं काहीच नाई म्हना ना."

मी शाईची डबी पुढे केली. तिला दोन मुली होत्या. तिने अंगठा दिला, आणि तो लुगड्याला पुसायचा नाही म्हणून उठून नळावर धुवायला गेली.

नाव लागलं. दिवाळीच्या आत ती कायम झाली. साऱ्या फारमाला तिने गुळाचा चहा पाजला, मला पहिला कप दिला. लेख छापून आला, त्यात 'पाने ठराविक अंतराने काढून टाकण्यात आली' असं एक वाक्य आहे. काढणारा कोण, ते त्या वाक्यात कुठेच नाही. त्या लेखावर मला एक बढती मिळाली. कुठे भाषणाला बोलावलं की तोच प्रयोग मी सांगायची आणि लोक माझ्या कल्पकतेचं कौतुक करायचे. मी "छे हो" म्हणायची. पुढचं काही बोलायची नाही. बशांचं तर आज पहिल्यांदा इथे लिहितेय.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, जून-जुलैत, मी आठ दिवस सिरोंचाकडे दौऱ्यावर होते. परत आले तर धानाची अख्खी रोपवाटिका करप्याने बसलेली. बियाण्याचं धान होतं ते, आसपासच्या गावांना द्यायचं. इतका रोग एका रात्रीत येत नाही. कोपऱ्यातल्या चार-दोन रोपांवर सुरू होतो, तेव्हाच ती उपटून बाहेर टाकली तर बाकीची पुष्कळशी वाचतात. पार्बताबाई बांधावर उभी होती.

माझं डोकं फिरलं. "पार्बताबाई, तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना. तुमी गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसलं. पूरबेच्या कोपऱ्यात, पाच रोपं होते."

"मग उपटली का नाहीत? पाचच तर होती!"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, टोमणा नव्हता. सरकारी कामाची एक रीत ती शिकली होती आणि ती रीत मला सांगत होती.

"तुमी सांगतलं नोयतं ना, बाई."